भिवंडीची शांतता आणि पोलीस ठाण्याची पायरी

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, त्या दिवसांत भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४च्या दंगलींमुळे या गावाचे नाव देशभर झाले होते. बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली की पहिली ठिणगी इथेच पडणार, असे सगळे धरून चालले होते. ती पडली नाही. ही गोष्ट आज बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शांतता समितीच्या बैठकांत, राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणांत, पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गांत ती सांगितली जाते.

दुसरी गोष्ट मात्र तेवढ्या आवडीने कुणी सांगत नाही. ५ जुलै २००६ रोजी याच भिवंडीत, कोटरगेट भागात, पोलीस आणि मुसलमान समोरासमोर आले. वाद होता कब्रस्तानालगतच्या जागेचा. ती जागा कब्रस्तानाची आहे, असे स्थानिक मुसलमानांचे म्हणणे होते आणि तिच्यावर बांधकाम सुरू झाले होते ते पोलीस ठाण्याचे. पोलिसांच्या गोळीबारात दोन मुस्लीम ठार झाले. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. यात हिंदू-मुस्लीम दंगल कुठेच नव्हती. एका बाजूला मोहल्ला होता आणि दुसऱ्या बाजूला थेट खाकी वर्दी.

एकाच गावातल्या या दोन घटनांमध्ये साडेतेरा वर्षांचे अंतर आहे. पहिल्या घटनेवर देशविदेशातल्या अभ्यासकांनी लिहिले. दुसरी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत पडून राहिली. माझ्या मते दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पोलीस आणि मुस्लीम समाज यांच्या नात्याविषयी आपल्याला काहीच कळणार नाही.

सुरुवात १९७० पासून करावी लागते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत दंगल उसळली. दुसऱ्याच दिवशी जळगाव पेटले, महाडमध्येही हिंसा झाली. जळगावात मेलेल्या ४३ जणांपैकी ४२ मुसलमान होते. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. मादन पारशी होते, म्हणजे दोन्ही बाजूंपैकी कुणाचेही नव्हते. कित्येक वर्षे साक्षी-पुरावे तपासून त्यांनी जो अहवाल दिला, तो स्वतंत्र भारतातल्या दंगलींवरच्या सर्वांत सखोल अहवालांपैकी एक आहे. वकील, पत्रकार आणि संशोधक आजही तो काढून वाचतात. दुर्दैवाने मराठी मुसलमानांच्या चर्चेत त्याचे फक्त नाव येते, आतला मजकूर येत नाही.

या अहवालात दंगलीचे वर्णन आहेच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दंगल थांबल्यानंतरचा भाग. गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांचे एक विशेष पथक नेमले गेले होते. त्या पथकाचे काम म्हणजे धार्मिक भेदभावाचा नमुना आहे, असा निष्कर्ष मादन यांनी काढला. आकडे पाहिले तर हे शब्द कठोर वाटत नाहीत. भिवंडीत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू मारले गेले होते. दखलपात्र गुन्ह्यांत अटक झाली ती ९०१ मुसलमानांना आणि २१ हिंदूंना. ज्यांची माणसे जास्त मेली, तुरुंगही त्यांच्याच माणसांनी भरले.

दंगल दोन-चार दिवसांत शमते. तपास, पंचनामे, ओळखपरेड, जामीन, तारखा हे सारे पुढे वर्षानुवर्षे चालते. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कारागीर कोर्टाच्या खेपा घालतो तेव्हा त्याच्या घरातली चूल बंद पडते. मोहल्ल्याच्या मनात पोलिसांची प्रतिमा तयार होते ती या काळात. १९७० मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १९८४ मध्ये चोवीस वर्षांचा होता. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली, ती आग कल्याण, ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. या वेळी बळींची संख्या अडीचशेच्या वर होती.

शिपायाच्या डोळ्यांतला माणूस

पोलीस असे का वागतात, याचा पद्धतशीर अभ्यास जगात साठच्या दशकात सुरू झाला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल बॅन्टन यांनी १९६४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पोलिसांवर पुस्तक लिहिले. पोलिसाचा बहुतेक वेळ गुन्हेगार पकडण्यात जात नाही, भांडणे मिटवण्यात आणि लोकांना समजावण्यात जातो, हे त्यांनी दाखवून दिले. दोन वर्षांनी अमेरिकी अभ्यासक जेरोम स्कॉल्निक यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पोलिसाच्या नोकरीत धोका असतो आणि अधिकारही असतो. या दोन्हींमुळे त्याची नजर एका विशिष्ट पद्धतीने घडते. कपडे, चाल आणि बोली पाहून तो काही माणसांना आधीच धोकादायक ठरवून टाकतो. त्या माणसाने काही केलेले नसले तरी. हे कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेले नसते, नवा शिपाई ते जुन्या शिपायाकडून शिकतो. यालाच अभ्यासक ‘पोलीस संस्कृती’ म्हणतात.

आपल्याकडे ही नजर कुणाला आधी टिपते, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दाढी, टोपी, लुंगी, उर्दू मिसळलेली हिंदी आणि अरुंद गल्लीतला पत्ता. भिवंडीत तर भाषेचीही दरी आहे. मोमीन विणकर उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले, ठाण्यातला कारभार मराठीत. (कोकणी मुसलमानांची मातृभाषा मराठीच्या कुळातली. त्यांनाही ‘तुम्हाला मराठी छान येते हो’ हे कौतुक ऐकावे लागते, तो भाग वेगळा.) फिर्याद सांगणारा एका भाषेत सांगतो, लिहिणारा दुसऱ्या भाषेत लिहितो आणि सही करणाऱ्याला आपण कशावर सही केली हे माहीत नसते.

यात इंग्रजांचा वारसाही आहे. आयर्लंडमधल्या सशस्त्र पोलीस दलाच्या धर्तीवर चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये पोलीस उभे केले. १८५७च्या उठावानंतर १८६१चा पोलीस कायदा आला. प्रजेवर वचक ठेवणे हे या दलाचे काम होते, तिच्याशी ओळख ठेवण्याची त्याला गरज नव्हती. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण ठाण्याची रचना आणि हुद्द्यांची उतरंड फारशी बदलली नाही.

भारतातल्या दंगलींत पोलीस कसे वागतात आणि लोकांना ते कसे दिसतात, यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास एका पोलीस अधिकाऱ्यानेच केला आहे. ते म्हणजे विभूती नारायण राय. मे १९८७ मध्ये उत्तर प्रदेशच्या पीएसीने मेरठच्या हाशिमपुऱ्यातून मुसलमानांना ट्रकमध्ये भरून नेले आणि गोळ्या घालून कालव्यात फेकले. तेव्हा राय शेजारच्या गाझियाबादचे पोलीस अधीक्षक होते आणि गुन्हा नोंदवण्यात त्यांचा पुढाकार होता. (त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जवानांना जन्मठेप दिली ती २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनी.) पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीची अभ्यासवृत्ती घेऊन त्यांनी दंगलीतल्या पोलिसांच्या तटस्थतेवर संशोधन केले. त्यांना जे आढळले ते थोडक्यात असे. दंगलीत हिंदूंना पोलीस आपले रक्षक वाटतात आणि मुसलमानांना शत्रू. संकटात सापडलेला मुसलमान ठाण्यात जायला कचरतो. पोलिसांपैकी अनेकांची पक्की समजूत असते की दंगल मुसलमानच सुरू करतात, त्यामुळे ती थांबवायची तर जोरही त्यांच्यावरच लावला पाहिजे.

शेवटची ही समजूत एकदा लक्षात घेतली की १९७० मधले ९०१ आणि २१ हे आकडे कसे तयार होतात, ते कळते. त्यासाठी कुणी वरून आदेश द्यावा लागत नाही.

मोहल्ला कमिटी

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. जुन्या दंगलींच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. दंगल पेटल्यावर फौजफाटा वाढवण्यापेक्षा आधीच माणसांना एकमेकांसमोर बसवावे, असे त्यांनी ठरवले आणि गावभर सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या.

शांतता समिती हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. गणपती किंवा मोहरम जवळ आला की ठाण्यात बैठक होते. दोन्ही समाजांचे तेच ते पुढारी येतात, चहा-बिस्किटे होतात, ‘आम्ही सर्व भाऊ भाऊ’ असे ठराव होतात, फोटो निघतो. यातले निम्मे लोक स्वतःच्या मोहल्ल्यातही फारसे विश्वासाचे नसतात. काही तर ठाणे आणि मोहल्ला यांच्या मधल्या दलालीवरच जगतात. कुणाचा मुलगा उचलला गेला की सोडवायला हेच जातात, त्याचे काय घेतात ते गल्लीला माहीत असते.

खोपडेंच्या कमिट्या वेगळ्या होत्या त्या इथे. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते, पण पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर होता. बैठका सणापुरत्या नव्हत्या, नियमित होत्या. विषय धर्माचा नसे. पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणे असे गल्लीतले प्रश्न असत. या बैठकांना पोलीस शिपाई आणि फौजदार बसत, तीही त्यांची ड्युटीच होती. दंडुका घेऊन गल्लीत शिरणारा माणूस आता सतरंजीवर बसून नळाच्या वेळा ऐकत होता. मला या सगळ्या प्रयोगातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कमिटीने हिंदू-मुसलमानांना जवळ आणले असे सगळे लिहितात. तिने शिपायाला मोहल्ला दाखवला, हे फार कमी जणांनी लिहिले.

६ डिसेंबर १९९२ला खोपडे भिवंडीत नव्हते. त्यांची बदली झाली होती आणि गुलाबराव पोळ त्यांच्या जागी होते. पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या, त्या रात्रींत त्या कामाला आल्या. म्हणजे प्रयोग एका माणसाच्या बदलीनंतरही टिकला. निदान पहिल्या बदलीनंतर तरी टिकला.

त्याच दिवसांत मुंबईत काय झाले, ते श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. मृत ९००, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. या ९०० पैकी ३५६ जण पोलिसांच्या गोळीबारात मेले. चाकू-सुऱ्यांनी मेलेल्यांची संख्या याहून किंचित कमी, ३४७ होती. म्हणजे दंगलीत सर्वाधिक माणसे मारणारे हत्यार सरकारी होते. पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी आधीपासून रुजलेला पूर्वग्रह आहे, असे आयोगाने स्पष्ट म्हटले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात आला, तेव्हाच्या युती सरकारने तो हिंदूविरोधी ठरवून त्यातले मुख्य निष्कर्ष फेटाळले.

इथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, लंडनमध्ये मॅक्फर्सन अहवाल आला. स्टीफन लॉरेन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या टोळक्याने १९९३ मध्ये खून केला होता आणि पोलिसांनी तपासात दिरंगाई केली होती. लंडनचे पोलीस दल संस्था म्हणूनच वर्णद्वेषी आहे, असे मॅक्फर्सन यांनी म्हटले. तिथेही आरडाओरड झाली, पण सरकारने अहवाल स्वीकारला, पुढे कायदे बदलले आणि पोलीस शिक्षणात तो अभ्यासाचा भाग झाला. लंडनचे पोलीस त्यानंतर निर्मळ झाले, असे अजिबात नाही. पण तिथे दोष सांगणारा शब्द तरी सरकारी भाषेत आला. आपल्याकडे श्रीकृष्ण आयोगाचे निष्कर्ष कार्यकर्त्यांच्या पत्रकांत राहिले.

अभ्यासकांचे तीन रस्ते

भिवंडी का वाचली, यावर पुढे बरीच चर्चा झाली. खोपडेंनी स्वतः मराठीत पुस्तक लिहिले. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मधल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात भिवंडीचे उदाहरण दिले. जिथे दोन्ही धर्मांची माणसे संघटना, व्यापार आणि रोजच्या व्यवहारात एकत्र असतात तिथे दंगली पेटत नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त. दोन वर्षांनी स्टीव्हन विल्किन्सन यांनी दुसरे कारण पुढे केले. त्यांच्या मते राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस दंगल थांबवतात, गरज नसेल तर बघत बसतात. थॉमस ब्लोम हॅन्सन यांनी मुंबईचा अभ्यास करताना वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले. भिवंडीच्या धर्तीवर मुंबईत १९९४ पासून मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या, सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी मेहनत घेतली. पण पोलिसांना जी प्रतिष्ठित मुस्लीम माणसे चालतात ती कमिटीत आणि ज्यांच्यावर संशय आहे ते गरीब तरुण बाहेर, असे चित्र हॅन्सन यांना दिसले.

वार्ष्णेय आणि विल्किन्सन दोघांच्याही मांडणीत तथ्य आहे. १९७० च्या आधीही भिवंडीत हिंदू भांडवल आणि मुस्लीम कारागिरी एकाच सुताने बांधलेली होती, तरी दंगल झाली. म्हणून नुसता व्यवहार पुरत नाही. मुंबईतल्या १९९२-९३च्या पोलीस गोळीबाराच्या वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते, त्यांना मुसलमानांची मते हवी नव्हती असे कोण म्हणेल? म्हणून नुसते मतांचे गणितही पुरत नाही. दोघांच्या मांडणीत ठाण्यातला शिपाई सरकारच्या हातातले खेळणे आहे. तो स्वतः काही समजुती घेऊन बंदोबस्ताला उभा असतो, ही राय यांची गोष्ट दोघांकडेही मागे पडते. हॅन्सन यांची टीका मला जास्त बोचते, कारण २००६ मध्ये कोटरगेटला जो जमाव होता तो कमिटीत बसणाऱ्यांचा नव्हता.

तोपर्यंत कमिट्यांचा जुना जोर ओसरला होता. अधिकारी आले आणि गेले. प्रत्येकाला मोहल्ल्यात रस असेलच असे नाही, आणि नसला तरी कुणी जाब विचारत नव्हते. ज्या समाजाला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, त्याच्या कब्रस्तानाशेजारी ठाणे बांधायचे, तेही विरोध असताना, हा निर्णय घेताना गल्लीतली नाडी कुणाला कळली नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असा विषय सतरंजीवर चर्चेला आला असता. २००६ मध्ये तो रस्त्यावर आला.

त्या रात्री मारले गेलेले दोन शिपाई कुणाची तरी मुले होती, महिन्याच्या पगारावर ड्युटी करत होती. त्यांच्या हत्येला ‘प्रतिक्रिया’ म्हणून हलके करणारे आपल्यातही होते. गोळीबारात गेलेल्या दोघांसाठी न्याय मागताना त्या दोघा शिपायांविषयी गप्प राहणे मला मान्य नाही. जमाव घरी गेला. त्यानंतर दारे ठोठावली गेली ती त्याच मोहल्ल्यांची, आणि त्यात कुणाकुणाचे घर मोडले याचा हिशेब चिथावणी देणाऱ्यांनी कधी दिला नाही.

दोन महिन्यांनी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. मेले बहुतेक मुसलमान आणि पकडलेही मुसलमानच गेले. त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. १९७० मधल्या विशेष पथकाची आठवण ज्यांना होती त्यांना यात नवे काही वाटले नसेल.

२०१९ मध्ये ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांनी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांच्या मुलाखती घेऊन एक अहवाल काढला. मुसलमानांचा कल स्वभावतःच गुन्ह्यांकडे असतो, असे कमी-अधिक प्रमाणात मानणारे पोलीस त्यात निम्मे निघाले. राय यांनी जे नव्वदच्या दशकात लिहिले, ते आता मोठ्या पाहणीच्या आकड्यांत आले. त्याच अहवालात पोलिसांच्या लांबलचक ड्युट्या, अपुऱ्या सुट्ट्या आणि राजकीय दबाव यांचीही नोंद आहे. ती पाने मुस्लीम वाचकांनी वाचायला हवीत. चौदा-चौदा तास उभ्या असलेल्या शिपायाकडे मोहल्ला समजून घ्यायला वेळ कुठून येणार, हा प्रश्न आपलाही आहे.

पोलीस सुधारणांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह खटल्यातला निकालही २२ सप्टेंबर २००६चाच आहे, कोटरगेटनंतर अडीच महिन्यांनी आलेला. त्यात सात निर्देश आहेत. महासंचालकांची निवड, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्ताची वेगळी यंत्रणा, तक्रार प्राधिकरण वगैरे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात त्यानुसार काही बदल केले. बीटवरच्या शिपायाने आठवड्यातून किती वेळ गल्लीत बसावे आणि त्याची नोंद त्याच्या बढतीच्या कागदात कुठे व्हावी, याबद्दल त्या सात निर्देशांत काही नाही.